तीन आठवडे झाले, काटेरी मासा दिसलाच नाही. लातूरच्या पाण्यात तो जगेल का?

मांजराकाठ, लातूर

नमस्कार मंडळी. माझा इथला पहिलाच धागा.

तीन आठवड्यांपूर्वी एका दुकानातून 'बोलणारा कॅटफिश' म्हणून एक मासा आणला. बोटभर लांब, कॉफीच्या रंगाचा, अंगावर गडद ढगांसारखे डाग. दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक फिकट पट्टी आणि तिच्यावर करवतीसारखे बारके काटे. पोटावरही ठिपके आहेत. दुकानदारानं पाण्यातून वर काढला तसा 'कर्र कर्र' असा आवाज आला आणि माझी आठ वर्षांची मुलगी तिथंच नाचायला लागली. मग काय, घेतला.

घरी टाकीत सोडला, तो लाकडाखाली शिरला. त्यानंतर आजतागायत दर्शन नाही. सकाळी टाकलेलं खाणं बाकीचे मासे फस्त करतात. टाकी तीन फुटी, साधारण शंभर लिटरची. पाणी बोअरचं, पातेल्यात उकळलं की पांढरा थर बसतो असलं. मुलगी शाळेतून आली की आधी टाकीपाशी जाते आणि विचारते, "बाबा, गेला का हो तो?"

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तो जिवंत आहे हे ओळखायचं कसं? आणि मला जास्त लागलेली गोष्ट ही, की दक्षिण अमेरिकेतल्या हलक्या पाण्यातला जीव आपल्या जड पाण्यात आणि आपल्या उन्हाळ्यात ठेवणं बरोबर आहे का? नसेल तर मी तो परत देऊन येईन.

रात्रपाळी, जालना

रात्री अकराला सगळे दिवे मालवा. तासाभरानं झिरोच्या बल्बच्या उजेडात टाकीपुढं मांडी घालून बसा. तो दिवसा भेटणाऱ्यांपैकी नाही.

शेवगा, छत्रपती संभाजीनगर

मांजराकाठ, आधी लेकीला सांगा, बहुतेक तो मजेत आहे. माझ्याकडे याचाच ठिपकेवाला भाऊबंद अकरा वर्षं आहे. पहिले दोन महिने मी त्याला एकदाच पाहिला होता.

तुमच्या वर्णनावरून हा अँब्लिडोरस दिसतो. याचं सगळं घराणं म्हणजे डोरॅडिडे, काटेरी कॅटफिश. सगळे दक्षिण अमेरिकेतले. याच्याशिवाय आपल्याकडच्या दुकानांत मुख्यतः आणखी दोन येतात. काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला अगामिक्सिस, तो वीतभरापेक्षा कमीच राहतो, आणि काळे-पिवळट पट्टे असलेला प्लॅटिडोरस, तो २० सेंटिमीटरच्या पुढं जातो. तिन्ही पिल्लं असताना बोटभरच दिसतात आणि दुकानात तिन्ही 'बोलणारे'च असतात. तुमचा मोठा झाला तरी १० सेंटिमीटरच्या आसपास थांबेल, म्हणून तीन फुटी टाकी त्याला पुरते. पोटावर ठिपके म्हणताय तर नर असावा, मादीचं पोट सहसा बिनठिपक्याचं, मळकट पांढरं असतं.

जिवंत आहे का हे पाहायला लाकूड उचलू नका. ही चूक मी केली होती. तो घाबरला की छातीचे दोन्ही पंख आडवे ताणतो आणि त्यांचे काटे जागच्या जागी कुलूप लावल्यासारखे पक्के करतो. मग कपारीतून ओढला तर काटा मोडेल, मासा निघणार नाही. त्यापेक्षा दिवे बंद झाल्यावर बुडणारी गोळी लाकडाच्या तोंडाशी ठेवा. बाकीचे मासे तोवर झोपलेले असतात. सकाळी गोळी नाही, म्हणजे मासा आहे.

आणखी एक, जाळी वापरू नका. अंगावरचे काटे मागे वळलेले असतात, जाळीत गुंतले की सुटत नाहीत. प्लॅस्टिकचा डबा पाण्यात आडवा धरायचा आणि त्याला आत शिरू द्यायचं. गुंतलाच तर जाळी कात्रीनं कापायची. जाळी दुसरी मिळते.

हुरडा, परभणी

वाचनखूण साठवली. शेवगाताई, अकरा वर्षं! माझ्या घरी कूलरसुद्धा एवढा टिकत नाही.

पाण्याबद्दल माझं मत: दोन-तीन बादल्या एसीच्या पाण्याच्या रोज जमतात, ते पाणी अगदी हलकं असतं. बोअरच्या पाण्यात तेच मिसळलं तर?

शेवगा, छत्रपती संभाजीनगर

हुरडा, एसीचं पाणी कृपा करून नको. ते ज्या नळ्यांवरून ठिबकतं त्यात तांबं असतं. या माशांच्या अंगावर नेहमीचे खवले नसतात, बाजूला फक्त हाडाच्या पट्ट्यांची एक ओळ असते. बाकी कातडी उघडी. तांबं त्यांना फार लवकर बाधतं. त्याच कारणानं दुकानात मिळणारी तांब्याची औषधं आणि मॅलॅकाइट ग्रीनवाली औषधं या टाकीत बाटलीवरच्या मापानं ओतायची नाहीत.

हलकं पाणी हवं असेल तर आरओचं घ्या, नाहीतर पावसाचं. पहिले दोन-तीन पाऊस गच्ची धुऊन जाऊ द्यायचे, मग ड्रम भरायचा.

बोअरवाला, हिंगोली

माझा धंदाच बोअरचा, म्हणून लिहितो. आपल्याकडं खाली काळा बसाल्ट. भेगांतून मुरताना पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. पातेल्यातला पांढरा थर तोच. शेजारच्या दोन बोअरचं पाणीही वेगळं निघतं, त्यामुळं 'लातूरचं पाणी' अशी एक गोष्ट नाही. मोजून घ्या. जडपणा मोजायच्या थेंबांची बाटली मिळते, रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे.

आणि टाकीत शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला असेल तर आधी काढा. शहाबादी म्हणजे चुनखडक. पाण्यात हळूहळू विरघळतो आणि जडपणा वाढवत राहतो. वाळूवर लिंबू पिळून बघा, फेस आला तर तीही काढा.

मांजराकाठ, लातूर

बोअरवाला दादा, शहाबादीच्या दोन तुकड्यांची गुहा मीच केली होती! मोठ्या हौशीनं केली होती. आत्ताच काढली.

नवखा_नांदेड

माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून सांगतो. पट्टेवाला आणला होता, त्याच्यासोबत बारा निऑन टेट्रा. दीड वर्षानं निऑन सात, मग पाच, मग दोन. मेलेला एकही सापडला नाही. मी फिल्टर उघडून पाहिला, टाकीमागं पाहिलं, मांजरावर आळ घेतला. शेवटी एका रात्री मोबाइलच्या उजेडात पट्टेवाल्याच्या तोंडातून निळी शेपटी लोंबताना दिसली. तो शांत मासा आहे हे खरं, भांडत नाही, पाठलाग करत नाही. पण रात्री निऑन झोपतो आणि हा जागा असतो. तोंडात मावेल ते जेवण.

शेवगा, छत्रपती संभाजीनगर

नवखा, अगदी बरोबर. मांजराकाठ यांचा लहान आहे, मोठ्या माशांना काही करणार नाही, पण पिल्लं ठेवणार नाही. गप्पी असतील तर गप्पींची संख्या आपोआप आटोक्यात राहील. गोगलगाईही खातो.

काळी_माती, औसा

सगळ्यांची क्षमा मागून एक विचारतो. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं. पहिल्या गाडीला दहा टँकर होते, पाच लाख लिटर. माझी बहीण तेव्हा लातुरात होती, दोन घागरींसाठी रात्र जागवायची. त्या गावात शंभर लिटर पाणी माशासाठी? उद्या परत तशी वेळ आली तर पहिला घोट कुणाचा? मला मासे आवडत नाहीत असं नाही. मला हे पटत नाही एवढंच.

रात्रपाळी, जालना

काळी_माती, तुमचं दुःख खरं आहे, पण हिशोब बघा. शंभर लिटर एकदाच लागतात. त्यानंतर आठवड्याला वीस लिटर बदलायचे, म्हणजे एक मोठी बादली. शॉवरखाली दोन-तीन मिनिटं उभं राहिलं तरी तेवढं जातं. आणि काढलेलं पाणी वाया जात नाही, माशांच्या विष्ठेतला नत्र त्यात असतो. माझ्या मोगऱ्याला चार वर्षं तेच पाणी आहे.

काळी_माती, औसा

हिशोब कळतो हो. पण ज्यानं रांग पाहिली त्याला वीस लिटर ही संख्या वाटत नाही, घागर वाटते.

मांजराकाठ, लातूर

काळी_माती दादा, तुम्ही विचारलंत ते बरं झालं. त्या वर्षी माझी आई रोज रांगेत होती. पाठदुखी तेव्हापासूनची. घरात टाकी आली तेव्हा ती आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मी तिला तेव्हा एकच शब्द दिला, की पिण्याच्या नळाचं पाणी टाकीत कधी घालणार नाही. म्हणून बोअरचं. आणि म्हणूनच जड पाण्याचा प्रश्न पडला. बोअर आटली तर टाकी राहणार नाही, हेही घरात ठरलेलं आहे.

बालाघाट, बीड

मला मासेपालनातलं काही कळत नाही, पण या घराण्याबद्दल एक गोष्ट वाचली होती ती सांगतो. जॉन हॅनकॉक नावाच्या निसर्ग-अभ्यासकानं १८२९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या डेमेरारा भागातल्या माशांवर लिहिलंय. डबकं आटायला लागलं की तिथले डोरस मासे छातीच्या काट्यांवर रेटा देत, शेपटीनं ढकलत जमिनीवरून दुसऱ्या पाण्याकडं निघतात, असं त्यात आहे. पुढं १८४० मध्ये त्यांच्याच नावावरून एका जातीला 'हॅनकॉकी' नाव दिलं गेलं. ती जात आज याच घराण्यातल्या प्लॅटिडोरसमध्ये मोडते.

आमच्या तालुक्यात दिवाळी झाली की अर्धं गाव कोयता घेऊन बाहेर पडतं. पाणी संपलं म्हणून घर सोडणाऱ्या माशाबद्दल वाचताना मला तेच आठवलं. मांजराकाठ, या माशाला परकं म्हणू नका.

हुरडा, परभणी

बालाघाट, प्रतिसाद आवडला. नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवला.

गोदाकाठ, पैठण

आमच्या घरी तीन पिढ्या जाळं टाकतात. नाथसागरात आमच्याकडं शिंगाळा लागतो, त्यालाही पंखात काटा असतो आणि तोही हातात धरला की कुरकुरतो. आजोबा म्हणायचे, काटा लागला की आधी स्वच्छ पाण्यानं धू, मग मासा पिशवीत टाक. तुम्हालाही सांगतो, या माशाचा काटा लागला तर जखम धुवा. तुकडा आत राहिला किंवा सूज चढली तर डॉक्टरांकडं जा, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का बघा. लेकीला हात घालू देऊ नका.

दुसरं हात जोडून सांगणं. कंटाळा आला, बोअर आटली, काहीही झालं तरी मासा मांजरेत किंवा गोदेत सोडायचा नाही. दया म्हणून सोडतात लोक. उजनीत घरच्या टाक्यांमधले सकर मासे आता जाळ्यात येतात. खायला कामाचे नाहीत, सोडवताना जाळं फाटतं. ते नुकसान आमच्या पोटावर येतं.

मांजराकाठ, लातूर

नक्की, गोदाकाठ दादा. शब्द देतो.

आवाजाचं मात्र कुणी सांगेल का? मुलगी विचारायली की तो तोंडानं बोलतो का.

शेवगा, छत्रपती संभाजीनगर

तोंडानं नाही. दोन तऱ्हा आहेत. छातीच्या पंखाचा पहिला काटा जिथं खांद्याच्या हाडात बसतो तिथं बारीक धारा असतात, काटा पुढं-मागं हलला की त्या घासतात. दाराची कोरडी बिजागरी करकरते तसं. ती 'कर्र'. दुसरा आवाज खोल, गुरगुरल्यासारखा. पोटातल्या हवेच्या पिशवीला लागून एक पातळ, लवचिक हाड असतं. स्नायू ते भराभर ओढतो-सोडतो, पिशवी थरथरते. लेकीला सांगा, घासायची करवत आणि वाजवायचा ढोल, दोन्ही त्याच्या अंगातच आहेत.

त्याच पिशवीपासून बारक्या हाडांची साखळी कानापर्यंत जाते, त्यामुळं याला ऐकूही फार चांगलं येतं. काचेवर टकटक केली की आपल्या डोक्यावर पत्रा वाजवल्यासारखं होत असेल. आणि आवाज ऐकायला म्हणून त्याला पाण्याबाहेर काढू नका. हातात धरल्यावर तो ओरडतो ते भीतीनं.

उन्हाळझळ, परभणी

सगळे पाण्याच्या जडपणाला धरून बसलेत. माझ्या मते जडपणा हा मोठा प्रश्नच नाही. हे मासे मध्यम जड पाण्याला सरावतात, फक्त रोज वेगळं पाणी नको. मोठा प्रश्न मे महिना. या माशाला २४ ते २८ अंश बरं. आमच्याकडं बाहेर ४४ असताना वरच्या मजल्यावरच्या टाकीत पाणी ३४ ला गेलेलं मी पाहिलंय. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशाला लिटरमध्ये सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३३ ला सातच्या थोडा वर. त्यात वीज गेली, पंप बंद पडला की तळाशी राहणारा मासा आधी गुदमरतो.

आपली हवा कोरडी आहे, तिचाच उपयोग करायचा. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावा. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं त्याच कारणानं दोन-चार अंश उतरतात. वरून जाळीचं झाकण हवं, नाहीतर बाकीचे मासे उड्या मारतील. टाकीच्या मागच्या काचेला ओलं गोणपाट. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप मार्चमध्येच आणून ठेवा, मेमध्ये दुकानात शिल्लक नसतो. बर्फ थेट टाकू नका, एकदम गार झालं तर तो धक्काही वाईटच.

आणि एक बारकावा. उडून जातं ते नुसतं पाणी, क्षार मागं राहतात. म्हणून उन्हाळ्यात पातळी भरायला बोअरचं नको, आरओचं वापरा. बोअरचं घालत राहिलात तर जूनपर्यंत टाकीत खारवण होईल.

बोअरवाला, हिंगोली

शेवटचा मुद्दा लाख मोलाचा. शेततळ्यातही हेच होतं.

नवखा_नांदेड

खायला काय द्यायचं यावर कुणी लिहिलं नाही. मी गांडूळखताच्या बेडमधली गांडुळं देतो, एक दिवस ओल्या पोत्यावर ठेवून, धुऊन, तुकडे करून. फवारणी झालेल्या शेतातली नको. पट्टेवाला त्यासाठी दिवसाही बाहेर येतो.

शेवगा, छत्रपती संभाजीनगर

उत्तम. फक्त रोज नको. हे मासे पोट गोल होईपर्यंत खातात, आठवड्यातून तीन-चार रात्री पुरे. बाकी बुडणाऱ्या गोळ्या, कधी कोळंबीचा तुकडा.

मांजराकाठ, लपायच्या जागेचं राहिलं. शहाबादी काढलीत, तिथं फुटक्या माठाची मोठी खापर पालथी घाला. धार दगडावर घासून घ्या. पीव्हीसी पाइपही चालतो, पण मासा मोठा होणार हे धरून रुंद घ्या. अरुंद पाइपात पंख ताणून अडकलेले मासे मी पाहिलेत. आणि अँब्लिडोरस एकटा ठेवण्यापेक्षा तिघं-चौघं एकत्र जास्त निवांत असतात. एका खापरीखाली चौघं एकमेकांना चिकटून बसतात, पाहण्यासारखं असतं.

काळी_माती, औसा

खापर पाहिजे असली तर आमच्या वाड्यात चार फुटके रांजण पडलेत. औशाला आलात तर घेऊन जा.

मांजराकाठ, लातूर

मंडळी, सोळा दिवसांनी येतोय. सगळं सविस्तर सांगतो.

तो आहे! तिसऱ्या रात्रीपासून गोळी संपायली. सातव्या रात्री मुलगी आणि मी झिरो बल्ब लावून बसलो. पावणेबाराला आधी मिशा बाहेर आल्या, दोन वर, चार हनुवटीखाली, वाळू चाचपत. मग सगळा आला. मुलीनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखली. एक शब्द बोलली नाही ती. मला वाटलं नव्हतं ती एवढी गप्प बसू शकेल.

पाणी मोजलं. बोअरचं फारच जड निघालं. आता अर्धं बोअरचं, अर्धं आरओचं, पण एकदम नाही, दर आठवड्याला वीस लिटर बदलताना हळूहळू तिकडं नेतोय. काळी_माती दादांकडं रविवारी गेलो होतो. त्यांनी रांजणाची खापर दिली, वर हुरडा खाऊ घातला. पाण्यावर आमचं तासभर बोलणं झालं. त्यांचं मत फारसं बदललेलं नाही आणि मला त्यांचं म्हणणं आजही खरं वाटतं. म्हणून मी आणखी तीन मासे आत्ता आणणार नाही. यंदाचा उन्हाळा आणि बोअर कशी राहते ते पाहून जुलैत ठरवीन.

काल रात्री वीज गेली. पंप बंद, पंखे बंद, सगळं सामसूम. हवेचा पंप बॅटरीवर लावायला मी उठलो, तर आई टाकीपाशी खुर्ची घेऊन बसलेली. म्हणाली, "थांब जरा. आवाज यायलाय." मी कान दिला. खापरीखालून बारीक कर्र, मग थांबून परत. आईनं विचारलं, "एकटाच कुणाला बोलायलाय रे हा?" मला काही उत्तर देता आलं नाही.

सकाळी ती मला म्हणाली, बादलीतलं काढलेलं पाणी मोरीत ओतू नको, तुळशीला ठेव.

शेवगा, छत्रपती संभाजीनगर

फार बरं वाटलं वाचून. जुलैत आणाल तेव्हा नवे मासे आधी महिनाभर वेगळ्या टबात ठेवा, मगच याच्यासोबत.

उन्हाळझळ, परभणी

पंख्याचं विसरू नका. आमच्याकडं आत्ताच ३८ झालंय.

काळी_माती, औसा

दुसरी खापर बाजूला काढून ठेवली आहे.